पुतण्याची मोटार आणि तिचे ब्रेक

आमचा पुतण्या अमेरिकेंत न्यू जर्सी येथें नोकरीस असतो. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां त्याच्याकडे राहावयास गेलों होतों. घरच्या मंडळींसाठीं एक ऐसपैस मोटार आहेच. परंतु त्याचा खरा जीव १९९९ सालच्या एका मझदा मियाटावर. दोनच माणसें बसतील अशी, छप्पर मागें दुमडणारी, शर्यतीच्या धाटणीची ही गाडी. तिच्या ब्रेकमधून घासल्याचा आवाज येऊं लागला, तेव्हां गॅरेजांत न नेतां पॅड व डिस्क आपण स्वतःच बदलणार, असें त्यानें जाहीर केलें. आमच्या सौभाग्यवतींस हें मुळींच पसंत पडलें नाहीं. इंजिन बिघडलें तर गाडी थांबते. ब्रेक बिघडला तर ती थांबत नाहीं, हा त्यांचा युक्तिवाद आम्हांस खोडून काढतां आला नाहीं.

ब्रेकला आम्ही वर्गांत 'गतिरोधक' म्हणत असूं. हल्लीं तो शब्द रस्त्यावरील उंचवट्यानें बळकावला आहे. असो. पेडल दाबलें कीं नळ्यांतील तेल कॅलिपर नांवाच्या चिमट्यांतील पिस्टनला पुढें ढकलतें, आणि दोन पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला दोहों बाजूंनीं आवळतात. गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेंत रूपांतर पावते. वेग दुप्पट झाला तर ही ऊर्जा चौपट! आम्हीं सहज कागदावर हिशेब मांडला: एक हजार किलोची गाडी ताशीं १०० किलोमीटर वेगावरून थांबली, तर तेवढ्या उष्णतेनें ३० अंशांचें सव्वा लिटर पाणी उकळूं लागेल. जुन्या बंदिस्त ड्रमांत ही उष्णता कोंडून राही. उघडी डिस्क वाऱ्यानें निवते. १९५३ सालीं फ्रान्समधील ल माँच्या २४ तासांच्या शर्यतींत जग्वारची गाडी डिस्क-ब्रेक लावून पहिली आली, त्याचें एक कारण हेंच.

शनिवारीं पुढच्या चाकांचें काम निघालें. नट गाडी जमिनीवर असतांनाच सैल केले, मग जॅकनें उचलून ती पोलादी स्टँडांवर टेकविली. नुसत्या जॅकच्या भरंवशावर तिच्याखालीं जावयाचें नाहीं. सोडविलेला कॅलिपर रबरी नळीला लोंबकळूं न देतां तारेनें स्प्रिंगला बांधला. गंजानें चिकटलेली डिस्क रबरी हातोड्याच्या ठोक्यांनीं सुटली. नव्या डिस्कवर गंज चढूं नये म्हणून तेलाचा लेप असतो, तो पुसून काढला. आम्हीं कौतुकानें तिजवर अंगठा ठेवला, तेव्हां "काका, तिथें हात नको, नुकत्या पुरणपोळ्या झाल्यात!" असें म्हणून त्यानें ती पुन्हां पुसली. नवे पॅड जाड, म्हणून पिस्टन मागें दाबावा लागतो. तो दाबला, सर्व जोडलें, टॉर्क-पान्यानें नट आवळले.

घरासमोरची वाट रस्त्याकडे उतरती आहे. त्याची बारा वर्षांची कन्या आमच्याजवळ हिरवळीवर उभी होती. "बाबा, मला घेऊन चल ना" हा तिचा धोशा चाललेला. त्यानें इंजिन सुरू केलें, हातब्रेक सोडला. गाडी मागें सरकली. त्यानें पाय दाबला, तों पेडल सरळ तळास टेकलें. त्या दोन क्षणांत आम्हांस ओरडावयाचेंही सुचलें नाहीं. हातब्रेक मागच्या चाकांचा, आणि त्यांना अद्याप हात लावलेला नव्हता. म्हणून तो ओढतांच गाडी रस्त्याच्या हातभर अलीकडे थांबली. मागें दाबलेला पिस्टन पॅडला पुन्हां भिडावयास पेडल अनेक वेळां दाबावें लागतें. गाडी हालविण्यापूर्वीं तें ताठ होईपर्यंत दाबावयाचें, एवढेंच तो विसरला होता. पुस्तकांत तें छापलेलें होतें!

रविवारीं त्यानें आपण होऊन तें पुस्तक व पेन्सिल आमच्या हातीं दिली. पस्तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसास हें काम जड नव्हतें. मागचा पिस्टन दाबून हालेना. तो हातब्रेकच्या यंत्राशीं जोडलेला असल्यामुळें, कॅलिपरमागील एक बोल्ट काढून आंत चार मिलिमीटरची षट्कोनी किल्ली घालून फिरवावा लागतो. आम्हीं तें वाक्य दोनदां वाचून दाखविलें. जें जें झालें त्यापुढें खूण केली. पेडलच्या ओळीपुढें मात्र स्वतः गाडींत बसून, आपल्या पायानें दाबून पाहिल्याखेरीज केली नाहीं.

मग पॅड रुळविण्यासाठीं तो निर्मनुष्य रस्त्यावर जाऊन, वेग वाढवून पुनःपुन्हां पूर्ण न थांबतां कमी करीत राहिला. जळकट वास घेऊन परतला. तो प्रथम यावयाचाच. संध्याकाळीं कन्येस शेजारीं बसविलें. पट्टा बांधतां बांधतां ती बापाच्या पायाकडे पाहत मोठ्यानें मोजूं लागली: एक, दोन, तीन.