अहो मालक, छप्पर गळतंय!

नाटक-सिनेमातला घरमालक आपण सर्वांनी पाहिला आहे. सुटलेले पोट, हातात काठी आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला भाडेकरूच्या दारात आरडाओरडा! या गृहस्थाचा मला नेहमी हेवा वाटतो. पुण्याच्या एका जुन्या पेठेत आठ बिऱ्हाडांचा वाडा मी सांभाळतो आहे. पण माझ्या दारातच दर महिन्याला कोणी ना कोणी उभे असते. "मालक, संडासाचं दार निखळलंय." "मालक, जिन्याची पायरी हलतेय." "अहो मालक, छप्पर गळतंय!" ज्याला सर्वांच्या हाकेला ओ द्यावी लागते तो मालक, अशी व्याख्या मी अनुभवाने केली आहे.

वाचक म्हणतील, भाडे घेता ना? मग ओ द्यायलाच हवी! कबूल. म्हणून आधी हिशेबच मांडतो.

आमच्या वाड्यात दोन खोल्यांचे भाडे १९४० साली बारा रुपये होते. १९९९ साली ते वीस रुपये होते. आज ते पन्नास-पंचावन्नच्या घरात आहे. आठ बिऱ्हाडांचे मिळून महिन्याला साडेचारशेसुद्धा होत नाहीत. आणि कडीपाटाच्या कामाला हात घालणारा जाणता सुतार दिवसाला हजाराच्या खाली येत नाही. म्हणजे सगळ्या वाड्याचे महिन्याचे भाडे सुताराला दुपारच्या जेवणापर्यंत पुरते. जेवणानंतरचे काम माझ्या पेन्शनीतून!

हे असे का झाले? यात कोणा भाडेकरूचा दोष नाही. भाड्याला लगाम घालण्याची चाल महायुद्धांच्या काळातली. १९१५ साली विलायतेत ग्लासगो शहरातल्या बायकांनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले आणि तिथल्या पार्लमेंटला कायदा करावा लागला. मुंबई इलाख्यात असा कायदा १९१८ साली आला. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांत माणसांचे लोंढे आले, जागा मिळेनात. तेव्हा १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच 'प्रमाण भाडे', असे त्याने ठरवले. त्या काळी ते योग्यच होते. नाही तर कारकून, मास्तर आणि शिकायला आलेली मुले पुण्यात राहिली असती कशी?

पण तात्पुरती म्हणून लावलेली टेकू कायमची होऊन बसली. कायद्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. धान्य वाढले, पगार वाढले, घरपट्टी वाढली. भाडे मात्र १९४० च्या कॅलेंडरावर थांबले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले की, इतकी वर्षे भाडे गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. चार टक्के कशावर? तर त्याच वीस रुपयांवर! पहिल्या वर्षी माझ्या पदरात प्रत्येक बिऱ्हाडामागे महिना ऐंशी पैसे जास्त पडले.

दुरुस्तीचे काय? घर नीट ठेवणे हे मालकाचे कर्तव्य, असे कायदा म्हणतो. आणि तेही योग्यच आहे. मालकाने नोटीस देऊनही केले नाही, तर भाडेकरूने दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र तो वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक नसावा, अशीही सोय आहे. आमच्याकडे हा चौथा हिस्सा दीडशे-पावणेदोनशे रुपये होतो. त्यात तुळई राहू द्या, धड ताडपत्रीही येत नाही.

वाड्याचे शत्रू तीन: पाणी, वाळवी आणि चालढकल. कौल सरकते, पाणी मातीच्या भिंतीत मुरते, तुळईचे टोक भिंतीत असते ते आतून कुजते. वरून रंग शाबूत, आत भुसा! ज्या दिवशी हे डोळ्यांना दिसते त्या दिवशी उशीर झालेला असतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे एका दिवसात बसले. पाऊस तेच काम सावकाशीने करतो, इतकेच. महापालिका दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. आमच्या पूर्वेच्या भिंतीला फुगवटा आला, तशी आम्हालाही एक आली.

वाडा पाडून इमारत बांधावी, तर बोळ अरुंद, जागा लहान. शिवाय आठ जणांना नव्या जागा द्यायच्या. दोन बांधकामवाले आले, चहा पिऊन गेले. कोर्टात जावे, तर मालकाची गरज खरी असली तरी जागा सोडण्यात कोणाची अडचण मोठी, हे न्यायाधीश तोलून पाहतात. वरच्या मजल्यावरच्या काकू ऐंशीच्या पुढच्या. लग्न होऊन त्या याच खोल्यांत आल्या, दर एक तारखेला भाडे देऊन पावती मागून घेतात. त्यांची अडचण माझ्याहून मोठी आहे, हे सांगायला न्यायाधीश कशाला हवेत? उलट एका गृहस्थांचे कोथरूडला तीन खोल्यांचे घर आहे आणि इथल्या खोलीला त्यांचे कुलूप. सहा महिने सबळ कारणावाचून जागा वापरली नाही तर ताबा मागता येतो. पण ते शाबीत करण्यात वर्षे जातात, आणि भिंत तारखांची वाट पाहत नाही.

शेवटी एका रविवारी सगळ्यांना चौकात बोलावले. वहीत डाव्या बाजूला भाडे, उजव्या बाजूला घरपट्टी, सुतार, गवंडी, लाकूड असा जमाखर्च लिहून वही सर्वांच्या हातांतून फिरवली. बराच वेळ कोणी बोलेना. मग काकूच म्हणाल्या, "मालक, भाडं आम्ही कायद्याने देतो, पण छप्पर तर आपल्या सगळ्यांच्याच डोक्यावर आहे ना? माझा वाटा लिहा." सहा बिऱ्हाडांनी वाटा लिहिला. एकाने 'बघू' म्हटले. कुलूपवाले आलेच नाहीत. मृगापूर्वी दोन तुळया बदलल्या, भिंतीला आधार दिला. वाडा नवा झाला नाही. पण तो पावसाळा आम्ही झोपून काढला, जागून नव्हे.

आता आपल्यापैकी ज्यांनी आयुष्याच्या पुंजीतून एखादा जास्तीचा फ्लॅट घेतला आहे, त्यांना दोन शब्द. १९७३ साली कायदा बदलला आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला परवान्याने राहत असलेल्यांना भाडेकरूचे हक्क मिळाले. त्या धास्तीने अनेकांनी पुढे घरे कुलपात ठेवली. आज तसे करण्याचे कारण नाही. करार लेखी करा आणि त्याची नोंदणी करा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही ही समजूत चुकीची आहे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची, आणि ती टाळली तर कराराच्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मुदत संपूनही कोणी जागा सोडली नाही, तर दुप्पट शुल्क मागता येते.

कायद्याने भाडेकरूला मालकापासून वाचवले, हे त्याचे मोठे काम. पावसापासून वाचवणे मात्र त्याला जमलेले नाही. ते भाड्याच्या पैशातूनच व्हायला हवे. आणि भाडे पुरत नसेल, तर दोघांनी एका वहीत डोके घालून. भांडायचेच असेल तर खुशाल भांडावे, पण आधी कौले शाकारून घ्यावीत!