पोरगी नववीत गेली की मैदान का सुटतं?

शालेय स्पर्धांचा हंगाम आला की तालुक्याच्या मैदानावर जरा वेळ उभं राहून बघा. १४ वर्षांखालच्या मुलींचे कबड्डी, खो-खोचे संघ भरपूर असतात. १७ वर्षांखालच्या गटात ते कमी होतात. १९ च्या गटात तर कधी कधी समोर संघच नसतो, आलेल्या संघाला पुढे चाल देऊन मोकळं व्हावं लागतं. मुलांच्या गटात असं क्वचित घडतं.

"पोरींना खेळाची आवडच कमी," असं पारावर सहज बोललं जातं. बातमीसाठी मैदानावर जाऊन जाऊन माझं तरी मत उलटं झालंय. आवड असते, पण दार उशिरा उघडतं.

आपल्याच जिल्ह्यातलं बघा. कराड तालुक्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं कांस्यपदक आणलं. महिलांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली २००४ ला, म्हणजे त्यानंतर ५२ वर्षांनी. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून सुरू आहे. महिला महाराष्ट्र केसरीची पहिली गदा दिली गेली मार्च २०२३ मध्ये, सांगलीत. ती प्रतीक्षा बागडीने जिंकली. तोवर पोरीने लाल मातीत कितीही घाम गाळला, तरी तिच्यासाठी ती गदाच नव्हती.

दुसरं उदाहरण माणचं. स्टीपलचेस म्हणजे ३००० मीटरची अडथळ्यांची शर्यत. त्यात २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. पुरुषांसाठी ही शर्यत ऑलिंपिकमध्ये १९२० पासून आहे, महिलांसाठी २००८ पासून. दार उघडल्यावर आठच वर्षांत, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, दुष्काळी माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर अंतिम फेरीत पळाली. प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंद वेळ दिली, तो त्यावेळचा राष्ट्रीय विक्रम होता. अंतिम फेरीत ती दहावी आली. धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी भारतीय महिला त्याआधी १९८४ ला दिसली होती, पी. टी. उषा. हीच शर्यत वीस वर्षं आधी सुरू झाली असती, तर माणमधली अजून एखादी पोरगी तिथं दिसली असती का, हा प्रश्न मला पडतो.

वरच्या पातळीवर आता बरंच बदललंय. क्रिकेट मंडळाने ऑक्टोबर २०२२ मध्ये महिला आणि पुरुष खेळाडूंची सामन्याची फी सारखी केली : कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-२० ला ३ लाख. पॅरिस ऑलिंपिक २०२४ मध्ये महिला आणि पुरुषांच्या जागाही निम्म्या-निम्म्या ठेवल्या होत्या.

अडतंय ते खाली, गावात आणि शाळेत.

एसटीचंच घ्या. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून शाळेचा पास फुकट मिळतो, ही चांगलीच गोष्ट. पण सराव सुरू होतो शाळा सुटल्यावर आणि वाडीवरची गाडी निघते शाळा सुटल्या सुटल्या. पोरगा सरावाला थांबतो, मग कुणाच्या तरी मोटरसायकलवर येतो. पोरीला "अंधार व्हायच्या आत ये" असं सांगितलेलं असतं, आणि आईबापाची ती काळजी खोटी नाही. त्यात मैदानाजवळ कपडे बदलायला आडोसा नसतो, स्वच्छतागृहाला कुलूप नाहीतर पाणी नाही. पाळीच्या दिवसांत पोरगी सराव बुडवते, कारण सरांना सांगायचं कसं? घरी सुगी असली की भाकरी, धुणं, शेरडं तिच्यावर येतात, धाकट्या भावावर नाही. आणि दहावी झाली की पाहुणे विचारायला लागतात.

नेमका हाच काळ महत्त्वाचा असतो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय, अशी शालेय स्पर्धांची शिडी आहे. खेळाडूवर खरी नजर पडते ती १७ आणि १९ च्या गटात. नववीत मैदान सुटलं की पोरगी पहिल्या-दुसऱ्या पायरीवरूनच परत फिरते.

यात नुसती हौस जात नाही. ठरलेल्या पातळीपर्यंत खेळलेल्यांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्याला तालुका-जिल्ह्याचं प्रमाणपत्र चालत नाही, राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवरची कामगिरी लागते, प्रमाणपत्राची पडताळणीही होते. ललिता बाबरला तर सरकारने पुढे महसूल खात्यात अधिकारी म्हणून घेतलं.

गावाच्या हातातलंही सांगतो. जत्रेच्या फडात मुलींची कुस्ती लावतात, पण भर दुपारी, माणसं जेवायला गेलेली असताना, आणि इनाम काही शेकड्यांत. शेवटच्या कुस्तीला मात्र लाखाची बोली. पंच कमिटीला पावती आपण सगळेच फाडतो, तेव्हा पुढच्या बैठकीत मुलींच्या जोडी संध्याकाळी लावा आणि वजनगटाप्रमाणे इनाम सारखं ठेवा, एवढं तरी मांडता येईल. शाळेकडून ठराव घेऊन गाडी तासभर उशिरा सोडा, असा अर्ज आगारप्रमुखांना देता येतो. अर्जाची पोच तेवढी घ्या, आणि पोरीची मूळ प्रमाणपत्रं शाळेत न ठेवता घरी पेटीत ठेवा.