पाहायचं कुठून?

बऱ्हाणपुरातल्या पावरलूमच्या पेढ्यांवर ‘नेट स्लो आहे’ ही तक्रार बहुधा दुपारी येते, कारण माल दुपारी निघतो. गाडी इच्छापूरवरून महाराष्ट्रात शिरणार, मालाची किंमत ५० हजारांच्या वर, म्हणजे ई-वे बिल हवंच. इकडे गोदामातल्या कॉम्प्युटरवर पान उघडता उघडत नाही आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.

अशाच एका पेढीच्या शेठजींनी सांगितलं, “नेटवर कोण काय करतं ते दाखवणारं एखादं मशीन सुचवा, भाऊ. पैशाचं बघू.” नेटवर्कचं काम करणाऱ्याला हे वाक्य नवीन नाही. मशीन भरपूर आहेत. प्रश्न वेगळाच असतो: बघायचं काय, आणि बघायचं कुठून?

आधी लॅपटॉप ऑफिसातल्या स्विचच्या रिकाम्या पोर्टला लावला आणि वायरशार्क उघडलं. १९९८ मध्ये ‘इथरियल’ नावाने आलेलं हे फुकटचं सॉफ्टवेअर आजही या धंद्यातलं पहिलं हत्यार आहे. पण पडद्यावर जवळजवळ शुकशुकाट. ‘हा पत्ता कोणाचा?’ अशा एआरपीच्या हाका, प्रिंटरची अधूनमधून दवंडी, बाकी माझ्याच लॅपटॉपची वर्दळ. ऑफिसात सगळे कामात असताना वायरवर एवढी शांतता कशी? जुना हब एका पोर्टवर आलेलं सगळं बाकीच्या पोर्टांवर ओतायचा, त्यामुळे कुठेही बसा, सगळं दिसायचं. स्विच मात्र कोणत्या पोर्टमागे कोणतं यंत्र आहे ते लक्षात ठेवतो आणि ज्याचं त्यालाच देतो.

शेठजींना हे समजायला वेळ लागला नाही, कारण कुंडी भंडारा त्यांनी लहानपणापासून पाहिलेला. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास बांधलेल्या या व्यवस्थेत सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे येतं आणि वर शंभरेक कुंड्या आहेत. पाणी न अडवता वाकून बघता येतं, पण ज्या कुंडीत वाकाल तिथलंच दिसतं. “म्हणजे आपली कुंडी चुकली,” शेठजी म्हणाले.

योग्य कुंडी मिळवायचे दोन रस्ते. एक म्हणजे टॅप: वायरच्या मधे बसणारा डबा, जो जाणाऱ्या-येणाऱ्या डेटाची हुबेहूब नक्कल काढून देतो. पण तांब्याच्या गिगाबिट केबलमध्ये चारही जोड्यांवर दोन्ही दिशांनी एकाच वेळी सिग्नल धावतो, म्हणून तिथला टॅप विजेवर चालणाराच लागतो. वीज गेली तर लाइन चालू ठेवणारा रिले आत आहे की नाही हे घेण्याआधी विचारावं. दुसरा रस्ता मॅनेज्ड स्विचचा. त्यात एका पोर्टची वाहतूक दुसऱ्या पोर्टवर ‘मिरर’ करता येते. त्यालाही खोट आहे. भरलेली गिगाबिट लाइन दोन्ही दिशा मिळून दोन गिगाबिटची होते, मिरर पोर्ट मात्र एकच गिगाबिट बाहेर काढतो. डेटाची उरलेली पाकिटं गळतात आणि गळल्याचं कुणी सांगत नाही. शिवाय खराब केबलमुळे मोडलेली फ्रेम स्विच आतच टाकून देतो, ती मिररवर येतच नाही. बँकेच्या डेटा सेंटरला टॅप हवाच. या पेढीला मिरर पुरेसा होता.

पण मागांच्या शेडमध्ये ठेवलेला जुना स्विच उघडून बघितला, तेव्हा निवडीचा खरा निकष सापडला. पंख्याच्या पात्यांवर कापसाच्या तंतूंचा राखी थर बोटाने सोलून निघेल इतका जाड. पंख्याचं यंत्र इथे टिकत नाही. त्यामुळे माहितीपत्रकात मी आधी दोन गोष्टी बघतो: पंखा नाही ना, आणि किती तापमानापर्यंत चालेल. अनेक साधे स्विच ४० अंशांपर्यंतचेच असतात. मे महिन्यात पत्र्याखाली तो आकडा सकाळीच ओलांडला जातो. ५० अंशांचा घ्यावा, थोडा महाग पडला तरी. हे कुठल्याही ‘टॉप टेन’ यादीत येत नाही.

बिनपंख्याचा आठ पोर्टचा मॅनेज्ड स्विच ऑफिसात लावला. पाकिटं उघडायच्या आधी नुसते पोर्टांचे आकडे एसएनएमपीवरून, म्हणजे स्विचलाच विचारून, घेतले, आणि निम्मं उत्तर तिथेच मिळालं. मागाच्या शेडमधून ऑफिसात येणारी लाइन दुपारी भरून जात होती. शेडमधला तो जुना स्विच १०० मेगाबिटचा. त्यावर १६ कॅमेरे, प्रत्येकी सुमारे ४ मेगाबिट, म्हणजे ६४ तर कायमचे गेलेले. उरलेल्या जागेत त्याच स्विचवरचं गोदाम. मग त्या पोर्टचा मिरर लावला. दुपारी दोन वाजता गोदामातल्या एका कॉम्प्युटरवरून ऑफिसच्या सर्व्हरकडे मोठाली पाकिटं लागोपाठ सुटू लागली: हिशेबाचा बॅकअप. जेवणाच्या सुट्टीत कुणाला त्रास नको म्हणून कुणीतरी ती वेळ लावलेली. ई-वे बिलाची चिमुकली पाकिटं त्याच रांगेत मागे उभी.

बॅकअप रात्री गेला, शेडमध्येही गिगाबिट स्विच आला. शेठजींचा एक प्रश्न मात्र शिल्लक होता: पोरं कामाच्या वेळी व्हिडिओ बघतात का? साइटचं नाव बहुतेक वेळा कळेल, एचटीटीपीएसमुळे आतलं काही दिसणार नाही, आणि नजर ठेवायचीच असेल तर त्यांना आधी सांगून ठेवा, असं म्हटलं. त्यावर त्यांनी मिरर पोर्टमधली वायर स्वतःच काढून माझ्या हातात दिली. “राहू द्या. आकडे तेवढे चालू ठेवा.”