तीन वाजताच्या भुकेचं काय?

सकाळी 6
डोळखांबच्या बाजूच्या पाड्यांवर आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत चूल अंधारातच पेटते. तांदळाची भाकर, टाकळ्याची नाहीतर कुर्डूची भाजी, असली तर सुकटीची चटणी. आईबाप दोन घास खातात, उरलेलं फडक्यात बांधतात आणि चिखलात उतरतात. लहानगं झोपलेलंच असतं. ते आता संध्याकाळपर्यंत मोठ्या बहिणीच्या नाहीतर आजीच्या हवाली.

सकाळी 9.30
अंगणवाडी उघडते. मदतनीस ताई घरोघर फिरून पोरं गोळा करून आणतात. मी सेविका, मोबाईलवर हजेरी भरते; रेंज नसली की ते काम दुपारवर जातं. नाश्ता झाला की गाणी. चित्रांच्या तक्त्यावर सफरचंद आहे, द्राक्षं आहेत. पोरांना दोन्ही पटकन ओळखता येत नाहीत, पण करटोली दाखवली की वेल कुठल्या बांधावर आहे तेसुद्धा सांगतात. म्हणून मी तक्ता बाजूला ठेवते आणि दारातली भाजी आत आणते.

सकाळी 11
वजन आणि दंडघेर. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला पट्टी लावायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्यापुढे हिरवा. लाल दिसला की आरोग्य केंद्राला लगेच कळवायचं. पिवळ्यावर डोळा ठेवायचा. ताप-जुलाबाचं एखादं आजारपण अशा पोराला लालमध्ये ढकलायला पुरतं.

दुपारी 12.30
आदिवासी भागात 2015 पासून अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि बाळंतीण बायांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण, मुलांना अंडी किंवा केळी. भाकरी, भात, डाळ, पालेभाजी ताटात येते. पण आवणीला गेलेली बाई जेवायला तास-दीड तास कशी सोडवून येणार? तिची मजुरी बुडते. काही जणी येतात, काहींची वाट बघून ताट झाकून ठेवावं लागतं.

दुपारी 3
गृहभेटी. दिवसातली खरी अडचण इथे दिसते. दीड वर्षाचं पोर भुकेनं किरकिरतं आणि आठ वर्षांची बहीण दुकानातून पाच रुपयांचं पाकीट आणते. नुसतं मीठ, तेल, मैदा. पोर गप्प होतं, संध्याकाळी जेवत नाही. या वयाच्या मुलाचं पोट लहान असतं. त्याला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मधे एक-दोन वेळा खाऊ लागतो. दोन वेळच्या चुलीवर ते भागत नाही.

आजीला विचारलं तर ती म्हणते, “बाई, आम्हाला का कळत नाय? नागलीची आंबील पाजायची, पण आता चुलीजवळ बसायचं कोणी?”

आजीला आंबील कशी करायची ते शिकवायला मी कोण? तिला मी एवढंच सांगते: सकाळच्या चुलीवरच एक अंडं उकडून ठेव, नागलीची जाड भाकर कर, शेंगदाण्याचं कूट गुळात कालवून डबा खाली, पोरीच्या हाताला येईल असा ठेव. भातात चमचाभर तेल घाल. आणि पोरीला सांग, भावाला भरवण्याआधी हात धू.

संध्याकाळी 6.30
बाया परततात, पाय चिखलाचे. ओट्यावर पाच मिनिटं मिळतात. पोषण पंधरवड्याचं भाषण इथे चालत नाही. “उद्या काय ठेवणार?” एवढंच विचारते. कोणी अंडं म्हणते, कोणी रताळं. जिच्या घरी काहीच नाही, तिच्या पोराला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंगणवाडीतच ठेवून घेते.

रानभाज्यांचे महोत्सव व्हावेत, पत्रकंही छापावीत. पण आहाराचं शिक्षण करायला निघालेल्यांनी आधी आवणीच्या महिन्यात प्रत्येक पाड्यावर संध्याकाळपर्यंत चालणारं पाळणाघर उघडावं, आणि दुपारी तीनला पोरांना भरवणाऱ्या बाईला पगार द्यावा. चांगलं काय खावं ते इथल्या आयांना माहीत आहे. ते भरवायला दुपारी घरात माणूस नाही.