शिबिरातली ‘फास्टिंग’ शुगर आणि बाबांचे तीन रिपोर्ट

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लेखी. माझे ‘म्हणजे बघा’ तेवढे कमी केलेत.

माझे बाबा एका नगरपालिकेत घनकचरा विभागात मुकादम आहेत. दिवाळीच्या साफसफाईत कपाटात त्यांचे आरोग्य शिबिराचे तीन वर्षांचे रिपोर्ट सापडले. फास्टिंग शुगर १०८, मग ११९, मग १३८. तिन्हींवर शिक्का एकच, ‘तपासणी पूर्ण’. मी ऑफिसात दिवसभर सर्व्हरचे आलेख बघतो. हे आकडे एका ओळीत लिहिले आणि पोटात गोळाच आला. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून निदान करतात. पण मागचा रिपोर्ट शेजारी ठेवून कुणी बघितलंच नव्हतं.

“बाबा, रक्त उपाशीपोटी दिलंत ना?”

“अरे, हजेरी सहाला, शिबिर अकराला. तोवर दोन चहा आणि एक वडापाव होतोच की.”

झालं! नाव फास्टिंग, पोटात वडापाव. म्हणजे या आकड्यांवरून घाबरायचंही कारण नाही आणि निश्चिंत व्हायचंही नाही. अशा वेळी एचबीएवनसी बरी पडते. साखर लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते, त्यामुळे साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते आणि उपाशी राहावं लागत नाही. (रक्त कमी असेल तर हा आकडाही फसवतो, म्हणून हिमोग्लोबिन सोबत बघतात.) ६.५ आणि वर म्हणजे मधुमेह. बाबांची ६.८ आली, दुसऱ्यांदाही तेवढीच.

डॉक्टरांनी आधी पाय तपासले. मधुमेहात तळपायाची जाणीव कमी होऊ शकते आणि बाबा रोज कचऱ्यातल्या काचांवरून चालतात. शिबिरात पायाकडे कुणी बघितलं नव्हतं.

मला खटकतं ते इथेच. नोकरीला लागताना तपासणी होते तिचा प्रश्न असतो, हा माणूस या कामाला चालेल का? दरवर्षीच्या तपासणीचा प्रश्न उलटा हवा. या कामाने माणसाचं काय केलं? झाडूवाल्यांसाठी स्पायरोमेट्री घ्या. नळीत जोरात फुंकायचं, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजायचं. वयानुसार ती वर्षाला साधारण ३० मिलिलिटरने कमी होतेच. धुळीत काम करणाऱ्याची त्याहून वेगाने घसरतेय का, हे एका वर्षाच्या कागदावरून कसं कळणार? नोकरीच्या सुरुवातीचा आकडा जपून ठेवलेला हवा.

आता भीतीचं. घंटागाडी चालवणारे एक काका कंत्राटी आहेत, ते शिबिराकडे फिरकतच नाहीत. म्हणतात, “कागदावर अनफिट आलं तर उद्या गाडी कुणाला देतील?” त्यांना मी काय समजावणार! आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की मालकाला फक्त कामाची योग्यता किंवा कामात हवा असलेला बदल कळवावा, आजाराचा तपशील नाही. आमच्याकडे रिपोर्टांचा गठ्ठा आस्थापना विभागाच्या टेबलावर उघडाच पडलेला असतो.

यंदा बाबांनी अर्ज दिलाय. रक्त सकाळी सहाला, हजेरी चौकीवरच घ्या, आणि रिपोर्ट बंद पाकिटात ज्याचा त्याच्या हातात द्या. सह्या एकोणीस झाल्यात. काकांची अजून नाही.