बंद केबिनचे तळघर
शीत प्रदेशातील घरे : लेखांक ६

उत्तर मिनेसोटात सरोवराकाठच्या बऱ्याच केबिन पानगळ संपताना बंद होतात आणि बर्फ वितळल्यावर उघडतात. मधल्या काळात इंटरनॅशनल फॉल्ससारख्या गावी जानेवारीचे सरासरी तापमान उणे 15 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. टॉवर गावाजवळ 2 फेब्रुवारी 1996 रोजी उणे 51 अंशांची नोंद झाली. तो या राज्याचा नीचांक आहे. केबिनला तळघर असले, की बोअरच्या पाण्याची दाबटाकी, गरम पाण्याची टाकी आणि नळांचे जाळे सहसा तिथेच असते. त्यामुळे वर कोणी राहत नसले तरी तळघर शून्याच्या वर राखावे लागते. त्यासाठी राहण्याजोगी ऊब लागत नाही. चार-पाच अंश पुरतात, आणि हे काम वाटते तितके खर्चाचे नाही.

याचे कारण जमीन. वरचा थर कितीही गोठला तरी काही मीटर खाली या भागातल्या मातीचे तापमान वर्षभर सहा अंशांच्या जवळपास राहते. राज्याच्या उत्तर भागात पाया किमान 60 इंच, म्हणजे दीड मीटर खोल न्यावा असा बांधकामाचा नियम आहे, कारण गोठण साधारण तिथवर उतरते. जमिनीवर भुसभुशीत बर्फ साचला असेल तर ती इतकी खोल जात नाही. भिंतीला टेकलेला बर्फ फावड्याने दूर करण्याची अनेकांना हौस असते, पण तो तिथेच राहू देणे शहाणपणाचे. तळघराची फरशी आणि भिंतीचा खालचा भाग अशा रीतीने जमिनीकडून उष्णता घेत असतात. ती निसटते जमिनीच्या वर डोकावणाऱ्या पट्ट्यातून.

समजा, तळघर 8 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद आहे, आणि काँक्रीटची भिंत जमिनीवर 60 सेंटिमीटर दिसते. हा उघडा पट्टा सुमारे 17 चौरस मीटरचा होतो. आत 5 अंश आणि बाहेर उणे 25 अंश असताना 20 सेंटिमीटर जाडीच्या नुसत्या काँक्रीटमधून साधारण 1,800 वॅट उष्णता बाहेर जाते. अमेरिकेत साध्या प्लगवर चालणारा हीटर जास्तीत जास्त 1,500 वॅटचा असतो. म्हणजे तो रात्रंदिवस चालला तरी या एका पट्ट्यालाही पुरा पडत नाही. त्याच भिंतीला 5 सेंटिमीटर जाडीचे पॉलिस्टायरीन फोमचे बोर्ड लावले, की ही गळती 250 वॅटवर येते. मोठा हीटर घेण्याआधी फोम घ्यावा, तो या हिशेबामुळे. फोम आतून लावल्यास आगीच्या धोक्यामुळे त्यावर जिप्समचा बोर्ड हवा. बाहेरून लावून जमिनीखाली नेल्यास काँक्रीटची भिंतही उबेच्या बाजूला राहते.

भिंतीच्या माथ्यावर लाकडी तुळया टेकतात, ती जागा सर्वांत फितूर. तिथे लाकूड जेमतेम दीड इंच जाड असते आणि काँक्रीट व लाकूड यांच्या सांध्यातून वारा थेट आत येतो. पाण्याचे पाइप नेमके याच तुळयांमधून गेलेले असतात, त्यामुळे तळघराच्या मध्यभागी थर्मामीटर 5 अंश दाखवत असताना कोपऱ्यातला पाइप गोठू शकतो. या कोनाड्यांत फोमचे तुकडे कापून बसवावेत आणि कडा फवाऱ्याच्या फोमने बुजवाव्यात. वरचा मजला थंडच राहणार असेल तर तळघराच्या छतालाही इन्सुलेशन हवे, आणि वर जाणाऱ्या नळांना वेगळी चावी बसवून तेवढे पाइप रिकामे करावेत.

एवढे झाल्यावर हीटर लहान चालतो. विजेचा हीटर सोपा, पण वादळात वीज गेली की निकामी. भिंतीतून हवा घेऊन धूर बाहेर सोडणारा, पायलट ज्योतीचा प्रोपेन हीटर विजेविना चालतो. त्याच्या नळीचे तोंड मात्र बर्फाने बुजता कामा नये. धूर बाहेर न सोडणारे हीटर बंद घरात वापरू नयेत. कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहेच, शिवाय एक किलो प्रोपेन जळताना दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते आणि ती थंड भिंतीवर दव होऊन बसते. प्रोपेनलाही मर्यादा आहे. तो उणे 42 अंशांना उकळतो, आणि द्रव प्रोपेन त्याहून थंड झाला तर टाकीतून वायू बाहेर येत नाही.

उष्णतेची कोणतीही व्यवस्था कधीतरी बंद पडते, हे धरूनच घर सोडावे. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगते. पाइपमध्ये बर्फाची गुठळी वाढत गेली, की ती आणि बंद नळ यांच्यात अडकलेल्या पाण्यावर दाब चढतो आणि पाइप बऱ्याचदा बर्फ नसलेल्या जागी फुटतो. पंपाची वीज बंद केलेली असेल तर टाकीत असेल तेवढेच पाणी सांडते. ती चालू राहिली तर तळघर भरेपर्यंत पंप पाणी ओतत राहतो.

सगळे पाणी काढून टाकून तळघर गोठू द्यावे, हा उरलेला मार्ग. गरम पाण्याच्या टाकीची वीज आधी तोडायची, मग टाक्या रिकाम्या करायच्या, पाइपांत हवा मारायची आणि सांडपाण्याच्या वळणांत प्रोपिलीन ग्लायकॉल ओतायचे. पाइपांचा प्रश्न यातून सुटतो, पायाचा सुटत नाही. बाहेरून दीड मीटर खोल असलेला पाया आतल्या फरशीखाली वीतभरच असतो, त्यामुळे तळघर गोठले की थंडी आतून थेट पायाखाली उतरते. तिथली माती फुगली की फरशी उचलली जाते आणि भिंतीला तडे जातात. हे फुगणे पाण्याच्या त्या 9 टक्क्यांमुळे नव्हे. स्टीफन टेबर या अमेरिकी भूवैज्ञानिकाने 1930 च्या सुमारास पाण्याऐवजी बेंझिन मुरवलेली माती गोठवून पाहिली. बेंझिन गोठताना आकसते, तरीही माती वर उचलली गेली. गोठणारा थर खालचा द्रव स्वतःकडे ओढत राहतो आणि त्याचे पापुद्रे जाड होत जातात. बारीक गाळमातीत हे जोरात घडते, भरड वाळूत जवळजवळ नाही. म्हणून केबिनखाली निचऱ्याची वाळू-खडी असेल तर पाणी काढून तळघर थंड सोडता येते. ओली गाळमाती असेल तर पाइप रिकामे असूनही हीटर चालू ठेवावा लागतो.