युरेनियमच्या खनिजांची चमक आणि किरणोत्सर्ग

युरेनियमचे खनिज किरणोत्सारी असल्यामुळेच अंधारात हिरवे चमकते, हा समज चित्रपटांनी आणि चित्रकथांनी इतका पक्का रुजवला आहे की संग्रहालयात दिव्याखाली उजळलेल्या खड्याकडे बोट दाखवून ‘हाच तो किरणोत्सर्ग’ असे आजही सर्रास सांगितले जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे, आणि ती समजून घेण्यासाठी दोन खनिजे शेजारी ठेवणे पुरेसे आहे. झारखंडमधील जादुगुडा येथील धातुकाचे मुख्य खनिज असलेले युरेनिनाइट शुद्ध स्वरूपात वजनाने सुमारे ८८ टक्के युरेनियमचे असते, तरीही ते काळेकुट्ट असून अतिनील दिव्याखाली मुळीच उजळत नाही. ऑट्युनाइट या कॅल्शियमयुक्त फॉस्फेट खनिजात युरेनियम जेमतेम निम्मे असते, आणि तेच त्या दिव्याखाली झगझगीत पिवळसर हिरवे दिसते.

हा फरक रसायनाचा आणि रचनेचा आहे. युरेनिनाइटमध्ये युरेनियम प्रामुख्याने चार संयुजेचे असून त्याची स्फटिकरचना फ्लुओराइटसारखी घनाकृती असते, म्हणजे प्रत्येक युरेनियम अणूभोवती आठ ऑक्सिजन अणू घनाच्या कोपऱ्यांवर बसलेले असतात. ऑक्सिजनयुक्त पाण्याच्या संपर्कात हेच युरेनियम सहा संयुजेचे होते आणि दोन ऑक्सिजन अणूंना दोन्ही बाजूंनी घट्ट धरून एका सरळ रेषेतला यूरेनिल आयन तयार करते. त्यातील युरेनियम व ऑक्सिजन यांच्यातील अंतर सुमारे १.८ अँगस्ट्रॉम असते, तर त्या रेषेच्या मध्यावर, तिच्याशी काटकोनात, आणखी चार ते सहा अणू अधिक अंतरावर जोडले जातात. आयन सरळ असल्याने असे बहुतेक गट आडवे पसरून थर बनवतात. अतिनील प्रकाश शोषून हिरवा प्रकाश बाहेर टाकण्याचे काम, ज्याला अनुस्फुरण म्हणतात, या यूरेनिल आयनातील इलेक्ट्रॉन करतात. किरणोत्सर्ग मात्र अणुकेंद्रातून होतो आणि त्याला बाहेरच्या रासायनिक बंधांची फिकीर नसते. टॉर्बर्नाइट या खनिजाची थररचना ऑट्युनाइटसारखीच असते, पण कॅल्शियमच्या जागी तांबे आल्यामुळे ही चमक विझते, किरणोत्सर्ग मात्र तसाच राहतो.

ज्यांना अजूनही शंका वाटते त्यांनी शास्त्रज्ञ आंरी बेकरेल यांचे १८९६ मधील प्रयोग पाहावेत. प्रारंभी त्यांचाही कयास होता की युरेनियमच्या क्षारांतून निघणारे किरण चमकेशी निगडित असावेत. परंतु अंधारात ठेवलेल्या क्षारांनी, न चमकणाऱ्या चतुःसंयुजी क्षारांनी आणि अखेर शुद्ध धातूनेही छायाचित्रपट्टी काळी केली, तेव्हा त्यांनी तो कयास सोडून दिला. शास्त्रज्ञाने स्वतः टाकून दिलेली कल्पना सव्वाशे वर्षांनंतरही शिकवली जावी, हे खरोखर खेदजनक आहे.

इतर गैरसमज थोडक्यात. खनिजाचा ढीग स्वतःहून अणुबॉम्बसारखा फुटत नाही, कारण आजच्या नैसर्गिक युरेनियममध्ये विखंडनक्षम युरेनियम-२३५ केवळ ०.७२ टक्के असते. गॅबनमधील ओक्लो येथे सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी ते तीन टक्क्यांहून अधिक होते, म्हणून तेथे शृंखला अभिक्रिया चालली, पण तीही स्फोटाविना. किरणोत्सर्गाने प्रत्येक स्फटिक मोडतो असेही नाही: ब्रॅनेराइट या युरेनियम खनिजाची स्फटिकजाळी बहुधा पूर्ण विस्कटते, तर युरेनिनाइटची टिकून राहते. आणि ‘यलोकेक’ हे खनिज नसून कारखान्यात धातुकापासून मिळवलेले संहत द्रव्य आहे.

संग्राहकांनी म्हणूनच अतिनील दिव्यावर विसंबू नये. न चमकणारा जड काळा दगडही गायगर गणकाने तपासावा, हाताळल्यावर हात धुवावेत, आणि रेडॉन वायू साचू नये यासाठी असे नमुने हवेशीर जागी ठेवावेत.